एकतर शंभर नाहीतर शून्य? आधी पैसेवारी काढा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. वय ३२, नोकरी बरी, लग्नाला चार वर्षं झालीत. जिम लावली की रोज म्हणजे रोज, आणि एक आठवडा चुकला की वर्षाची मेंबरशिप पाण्यात. बारा वर्षांचा जिगरी दोस्त वडील आयसीयूत असताना फिरकला नाही म्हणून त्याला ब्लॉक केलंत, त्याला आता सात महिने झाले. बायको म्हणते, तुझ्या लेखी माणूस एकतर देव असतो नाहीतर दगड. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही जे लिहिलंय त्यावर मी अडकले, "बॅलन्स्ड व्हायचंय पण गुळमुळीत व्हायचं नाहीये".

हे गुळमुळीतचं भ्या अगदी रास्त आहे बरं का. मी संभाजीनगरात वीसेक वर्षं समुपदेशन करतेय आणि या टोकाच्या विचारांच्या बाबतीत माणसं नेमकी इथेच अडतात. कारण आपल्या भाषेत सगळं कौतुक आहे ते एक घाव दोन तुकडे करणाऱ्याचं, सोक्षमोक्ष लावणाऱ्याचं, "आपलं काम रोखठोक" म्हणणाऱ्याचं, आणि मधे उभं राहणाऱ्याला काय आहे तर तळ्यात-मळ्यात, कुंपणावरचा, दोन डगरींवर पाय ठेवणारा, म्हणजे सगळ्या शिव्याच. त्यात आम्ही समुपदेशक लोक सांगतो की काळ्या-पांढऱ्याच्या मधे करडा रंगही असतो हो. आता मला सांगा, कुणाला हौस आहे करडं व्हायची? मीही सुरुवातीची काही वर्षं हेच सांगायचे, समोरचा मान डोलवायचा आणि पुढच्या वेळी परत शंभर आणि शून्यच घेऊन यायचा.

मग एकदा एका क्लायंटशी बोलता बोलता मला माझ्या वडिलांची आठवण झाली आणि तेव्हापासून मी करडा रंग बंद केला आणि पैसेवारी सांगायला लागले.

आमचं गाव जालना जिल्ह्यातलं, कापूस आणि तुरीचं. शहरातल्यांसाठी सांगते, पैसेवारी म्हणजे गावातलं पीक किती आलं याचा सरकारी अंदाज. प्रमाण उत्पन्न म्हणून एक आकडा धरलेला असतो, त्याच्या तुलनेत यंदा किती आलं ते रुपयात किती पैसे अशा हिशेबात सांगतात. पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते म्हणून ती आणेवारी, १९५७ साली दशमान नाणी आली आणि पैसेवारी झाली, पण वडील शेवटपर्यंत आणेवारीच म्हणायचे. ५० पैशांच्या आत आली की मग सारा माफी, पोरांची परीक्षा फी, पंपाचं वीजबिल या सवलतींच्या गोष्टी सुरू व्हायच्या, त्यामुळे गावात या आकड्यावरून भांडणंसुद्धा व्हायची. पण मजा बघा, इतक्या संकटातसुद्धा कुणी "पीक आलं" किंवा "पीक गेलं" एवढ्यावर थांबत नव्हतं. चव्वेचाळीस पैसे की बावन्न पैसे यावर वाद. आणि एका दमात निकाल नाहीच, आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, आणि मग प्रत्यक्ष शेतात तुकडा आखून, पीक कापून, वजन करून अंतिम. (नजरअंदाज म्हणजे हिंदीतलं दुर्लक्ष नव्हे हं, नजरेने काढलेला अंदाज.)

आता मला सांगा, चव्वेचाळीस पैसे म्हणणारा तलाठी गुळमुळीत असतो का? उलट "गेलं सगळं पीक" म्हणणाऱ्यापेक्षा त्याचं बोलणं जास्त टोकदार आहे कारण त्यावर काहीतरी ठरवता येतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की तुम्हाला मधे यायचं नाहीये, तुम्हाला मोजायचंय. मोजल्यावर कधी नव्वद पैसे निघतील, कधी बारा पैसे निघतील, दरवेळी पन्नासच निघाले तर तुम्ही मोजत नाही आहात, सगळ्यांना खूश ठेवताय.

मन असं टोकाला का जातं हे थोडं सांगते कारण बरेच जण यावरून स्वतःलाच झोडतात, "मीच असा हेकट". हेकटपणा वगैरे नाही हो. दमलेलं किंवा घाबरलेलं मन शॉर्टकट घेतं. आयसीयूबाहेरच्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर रात्री दोन वाजता बसलेल्या माणसाला कोण आपलं कोण परकं एवढंच कळायला हवं असतं, तिथे कुणी टक्केवारी काढत बसत नाही आणि काढूही नये. गडबड ही की तो रात्री दोनचा नजरअंदाज आपण अंतिम म्हणून जाहीर करून टाकतो आणि सात महिने फाइल उघडत नाही.

फिलाडेल्फियातल्या ॲरन बेक या मनोविकारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात डिप्रेशनच्या पेशंटांवर काम करताना हीच गोष्ट टिपली होती. तो मूळचा फ्रॉइडच्या परंपरेतला, डिप्रेशन म्हणजे आत वळलेला राग असं त्या काळी मानत, ते तपासायला तो पेशंटांची स्वप्नं अभ्यासायला गेला आणि त्याला राग सापडेना, सापडलं काय तर सगळीकडे हरलो, गमावलं, मी कुचकामी. मग त्याने या विचारांमधल्या ठरावीक चुका नोंदवल्या, त्यात हा एकतर-नाहीतरचा विचार अगदी ठळक आहे. त्याच्या त्या कामातून कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे विचार तपासून बदलायला शिकवणारी उपचारपद्धत, उभी राहिली, बेक २०२१ मध्ये वयाच्या १००व्या वर्षी गेला. आणि २०१८ च्या एका अभ्यासात असं दिसलं की चिंता, डिप्रेशन, आत्महत्येचे विचार यांबद्दल जिथे लोक ऑनलाइन लिहितात तिथे "नेहमी, कधीच, पूर्णपणे" अशा टोकाच्या शब्दांचं प्रमाण इतर ठिकाणांपेक्षा जास्त असतं. म्हणून मी पहिल्या सेशनला माणूस काय सांगतोय त्याच्याइतकंच हे शब्द किती वेळा येतात तेही ऐकते. तुमच्या प्रश्नात मी मोजले, "नेहमी" चारदा आणि "कधीच" तीनदा आहे, आणि "बहुतेक" एकदाही नाही.

मराठीत आपल्याकडे अजून एक भारी गोष्ट आहे, तो "च". आलाच पाहिजे होता. मीच का. असंच असतं. अल्बर्ट एलिस नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९५० च्या दशकापासून सांगत होता की माणसाला त्रास होतो तो इच्छेने नाही तर त्या इच्छेची सक्ती केल्याने, आणि इंग्रजीत त्याला ते समजवायला फार खटपट करावी लागली असेल, आपल्याकडे एका अक्षरात काम होतं. "त्याने यायला हवं होतं" आणि "त्याने यायलाच हवं होतं" ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात वाईट वाटतं, दुसऱ्यात जबडा आवळला जातो. आणि लक्षात घ्या, पहिल्या वाक्यातही तुमची अपेक्षा जशीच्या तशी आहे, ती सोडायला कुणी सांगत नाहीये.

आता तुमच्या मित्राची पैसेवारी काढूया. प्रमाण उत्पन्न काय धरलंय तुम्ही? म्हणजे कशाच्या तुलनेत तो शून्य ठरला? बहुतेक "मी त्याच्या जागी असतो तर रात्रंदिवस तिथे असतो" हे तुमचं माप आहे. ते तुमच्या शेताचं प्रमाण झालं. काळ्या जमिनीचं माप मुरमाड रानाला लावून चालत नाही, काही माणसं हॉस्पिटलमध्ये पाय ठेवू शकत नाहीत पण नंतर तीन महिने औषधं आणून देतात, काही हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना चहा पाजतात आणि डिस्चार्जनंतर गायब. मी त्याची बाजू घेत नाहीये, मला तो माणूस माहीतच नाही. मी एवढंच विचारतेय की वेगवेगळे तुकडे आखून बघितलेत का. अडचणीत पैसे दिले का, तुमचं गुपित बारा वर्षं सांभाळलं का, तोंडावर खरं बोलला का, तुमच्या लग्नात राबला का, आणि हो, वडिलांच्या वेळी आला का. शेवटच्या तुकड्यात शून्य असेल तर शून्यच लिहा, त्यात खोटे पाच पैसे भरू नका. पण बाकीच्या तुकड्यांतलं पीक कापायच्या आधीच अख्खं शिवार पेटवून दिलंत तुम्ही.

आणि आकडा वाईट आला तरी तो आकडाच आहे. माझ्याकडे एक जण यायचे (तपशील बदललेत), सख्ख्या मामांनी जमिनीच्या वाटणीत फसवलं असं त्यांचं म्हणणं, कागद बघता ते बरंचसं खरंही होतं. दोन वर्षं एकतर कोर्टात खेचतो नाहीतर जाऊ दे माफ करून टाकतो या दोन टोकांत झोप उडालेली. आम्ही बसून तुकडे आखले, तीन बैठका लागल्या त्याला, आणि ३५ पैसे निघाले. म्हणजे दुष्काळच. पण दुष्काळ जाहीर झाल्यावर त्यांना हलकं वाटलं कारण आता काय करायचं ते ठरलं, लग्नकार्याला जायचं, वाकून नमस्कार करायचा, आजारी असले तर भेटायला जायचं, मात्र कुठल्याही कागदावर एकत्र सही नाही, जामीन राहायचं नाही आणि उसनवारी नाही. हे गुळमुळीत आहे का? मला तर हे संबंध तोडण्यापेक्षा जास्त हिमतीचं वाटतं, तोडायला काय एक बटण पुरतं.

बायकोच्या वाक्याकडे परत येते कारण त्यातला अर्धा भाग तुम्ही वाचलाच नाही असं मला वाटतंय. तुम्ही प्रश्न विचारलाय दगडांबद्दल. देवांचं काय? जो बॉस सध्या "एक नंबर माणूस" आहे, जो ट्रेनर "लाइफ बदलली त्याने" आहे, त्यांच्यात तुम्हाला एकही खोट दिसत नाही हे पण त्याच सवयीचं दुसरं टोक आहे, आणि माझ्या अनुभवात जास्त महागात जाणारं तेच आहे. कारण ज्याला शंभर दिले त्याला खाली यायला एकच पायरी ठेवलीय तुम्ही, डायरेक्ट शून्य. त्या मित्राला तुम्ही बारा वर्षं शंभरवर ठेवलं होतं, मधे त्याने लहानसहान कितीदा दगा दिला असेल, उशिरा आला असेल, शब्द फिरवला असेल, ते सगळं तुम्ही "आपलाच आहे" म्हणून खात्यावर लिहिलंच नाही, आणि मग एका रात्रीत सगळं व्याजासकट वसूल केलंत. तो बारा वर्षं ऐंशीच्या आसपासचा मित्र होता असं गृहीत धरून त्या रात्रीकडे बघा बरं. वाईट वाटेलच, खूप वाटेल, पण पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटणार नाही. चांगल्या वर्षाचीही पैसेवारी निघते, ती काढायची सवय लावा. बायकोचीही काढा, तिला सांगू मात्र नका, संसार आहे शेवटी.

जिमचं प्रकरण त्यामानाने सोपं आहे. १९७५ साली एक गाजलेला प्रयोग झाला, डाएट करणाऱ्या आणि न करणाऱ्या लोकांना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीम चाखायला दिलं. डाएट न करणाऱ्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरलं होतं ना, आणि डाएटवाल्यांनी मात्र मिल्कशेक पोटात गेल्यावर उलट जास्त खाल्लं. मोडलंच आहे तर जाऊ दे आता. आपल्या घरोघरी हा प्रयोग दिवाळीत होतो, एक करंजी पोटात गेली की "सोमवारपासून" म्हणून अख्खा डबा संपतो. उपाय म्हणून मी लोकांना चार आण्याचा दिवस आधीच ठरवून ठेवायला सांगते. म्हणजे सोळा आण्याचा दिवस जिमचा एक तास, ठीक आहे. ताप नाही पण वैताग आहे, ऑफिसातून नऊला आलात, त्या दिवसाचे चार आणे काय? चौकापर्यंत चालून येणं, बस. हे आधी, शांत डोक्याने, लिहून ठेवायचं कारण त्या रात्री नऊ वाजता तुमचं डोकं मोजण्याच्या अवस्थेत नसतं, ते "होतंय की नाही" एवढंच विचारतं. लोक हसतात याला, म्हणतात मॅडम चौकापर्यंत चालून काय होणार. वजन उतरणार नाहीच त्याने. पण पुढच्या दिवशी जिमला जाणारा माणूस मोडत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे नाहीतर माझ्या उत्तराचा भलताच अर्थ निघेल. सगळ्याच गोष्टी मोजून वागायच्या नसतात. दारूचं व्यसन असलेल्याला "थोडी घेत जा, बॅलन्स ठेव" सांगणं हा गुन्हा आहे. पुण्यात १९८६ पासून काम करणारं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र असो की दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या मीटिंगा असोत, तिथे पहिलाच घोट टाळायचा, आजचा दिवस टाळायचा, यात करडं काही नाही. मोजायचं कुठे, तर घसरल्यानंतर. आठ महिने कोरडा राहिलेला माणूस एका लग्नात घसरला की त्याच्या डोक्यात येतं संपलं सगळं, आठ महिने वाया, मग आता पिऊच. ॲलन मार्लेट या मानसशास्त्रज्ञाने व्यसनमुक्तीच्या कामात नेमका हाच क्षण पकडला, स्लिप म्हणजे एकदा घसरणं वेगळं आणि रिलॅप्स म्हणजे परत व्यसनात पडणं वेगळं, आणि एकातून दुसऱ्यात ढकलतो तो बऱ्याचदा हा "संपलं सगळं"वाला विचार. म्हणजे कृतीचा नियम कडक आणि स्वतःबद्दलचा निकाल मोजून. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या माणसांकडून मी हे शिकलेय, माझ्या पुस्तकांतून नाही.

दुसरं म्हणजे मारहाण. नवरा हात उचलतो आणि सासरचे म्हणतात "त्याच्या चांगल्या बाजू पण बघ, टोकाचा विचार करू नकोस". आपल्याकडे बायकांना समतोलाच्या नावाखाली ॲडजस्ट करायला लावण्याची फार जुनी परंपरा आहे आणि आमच्या क्षेत्रातली भाषा त्यासाठी सर्रास वापरली जाते, याचा मला मनापासून राग आहे. तिथे पैसेवारी काढत बसायची नाही. आधी सुरक्षित व्हायचं, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. त्याच्यात चांगलं काय होतं याचा हिशेब वाटलं तर दोन वर्षांनी, दुसऱ्या घरात बसून करता येतो.

अजून एक छोटी ट्रिक देते. मार्शा लिनहॅन म्हणून अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ आहेत, स्वतः तरुणपणी मनोरुग्णालयात राहिलेल्या, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. टोकाच्या भावनांमध्ये हेलकावे खाणाऱ्या लोकांसाठी त्यांनी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) नावाची उपचारपद्धत तयार केली, तिचा गाभा हा की दोन उलट गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्यातून निघालेला घरगुती प्रयोग असा, "पण" काढून "आणि" टाकायचा. "तो माझा जिवलग होता पण आला नाही" यात पणच्या आधीचं सगळं पुसलं जातं. "तो माझा जिवलग होता आणि तो आला नाही", आता दोन्ही उभं राहिलं. सुरुवातीला फार कृत्रिम वाटतं, आठवडाभर नुसतं लिहून बघा.

आणि किती दिवसांत फरक पडेल हे विचारलं होतंत म्हणून, सवय बत्तीस वर्षांची आहे. आधी तुम्हाला तीन दिवसांनी कळेल की मी परत शून्य देऊन बसलो, मग तीन तासांनी कळायला लागेल, मग बोलता बोलता. नजरअंदाज बंद होत नाही कधी, माझाही होत नाही, समोर माणूस येऊन बसला की दोन मिनिटांत मनात एक आकडा येतोच. तो पेन्सिलने लिहायचा.

एक मात्र तपासा. वडिलांच्या आजारपणानंतर हे वाढलंय असं तुमच्या लिहिण्यातून मला जाणवलं. झोप मोडतेय का, कशातच रस वाटत नाहीये का, आपण नसलेलंच बरं असं मनात येतं का? यातलं काही दोन आठवड्यांच्या वर चालू असेल तर हे नुसतं विचारांच्या सवयीचं प्रकरण नाही, मनोविकारतज्ज्ञांना भेटा, आणि जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका, आजच बोला. १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी लाइन चोवीस तास आहे, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

मित्राला अनब्लॉक करायचं की नाही ते मी सांगणार नाही, आकडा तुमचा तुम्ही काढायचा. पण फोन करायचं ठरलंच तर "कसा आहेस, बरेच दिवस झाले" असलं काही गुळमुळीत बोलू नका, तुम्हाला ते जमणारही नाही. "बाबा आयसीयूत होते आणि तू आला नाहीस, मला फार लागलं ते." एवढंच बोला. तो काय म्हणतो ते पूर्ण ऐका, आणि सुधारित आकडा फोन ठेवल्यावर नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर लिहा.